मांजर आडवं गेलं आन् पैलवानाची मिशी

आमच्या निपाणीच्या तालमीत किस्से वखारीतल्या तंबाखूगत साठत्यात. एक पोतं उचललं की मागनं धा निघत्यात, आन् सगळ्यांस्नी ठसका! ह्यो मांजराचा किस्सा मातर माज्या पाठीवर निघाला, म्हनून मीच सांगतो.

माळावर तंबूत मुका शिनेमा आलता. चार भुताच्या गोष्टी, आन् एक काळं मांजर ह्या गोष्टीतनं त्या गोष्टीत हिंडतंय. जिकडं मांजर, तिकडं मुडदा!

आमचा तुका पैलवान मिशीला पीळ देत म्हनाला, "ह्यात भ्यायचं काय रं?"

मी म्हटलं, "अण्णा, सगळा खेळ जाग्यावरनं हलला न्हाईसा तर तुमचा लंगोट म्हैनाभर मी धुतो. हललासा तर मिशी काढायची!"

"काढतो!"

अख्ख्या तालमीदेखत बोलला बगा, सांजंपतोर गावभर झालं. नुकतंच लगीन झालेला गडी, आन् मिशी अशी की दोनी टोकाला लिंबू ठिवावं!

*

पडद्यावरच्या पाट्या वाचायला भरमाप्पा हुता. आधी मराठीत वराडायचा, मग कन्नडात. "म्हातारीच्या मागं कोन हाय?" म्हनला की मराठी लोक किंचाळायचे. मग त्येच कन्नडात, की चिकोडीकडचे किंचाळायचे.

ज्यांस्नी दोनी येतं ते दोनदा किंचाळले!

*

पडदा पातळ. पडद्याच्या म्होरं बाप्ये, पडद्याच्या मागल्या अंगाला बायका. म्हंजे बाप्यांस्नी मांजर उजवीकडनं गेलेलं दिसायचं, बायकांस्नी डावीकडनं. दुसऱ्या दिशी घराघरात भांडान!

आमचा वस्ताद, भल्याभल्यांस्नी चीत केलेला मानूस. पर बायकोनं भाकरी उचलून आत न्हेली. "डावीकडनं म्हना, मग वाढतो!"

वस्ताद उपाशी झोपला. पर "उजवीकडनंच!" म्हनत झोपला.

*

आता खरी गंमत. मांजर आडवं गेलं की आमच्याकडं चार पावलं मागं सरायचं. पडद्यावर पयल्यांदा मांजर आडवं गेलं, तशी सगळी पब्लिक उटली, मागं सरली, परत बसली. फुडल्या गोष्टीत परत मांजर. परत मागं! बायकाबी तिकडं तशाच मागं.

शेवटच्या गोष्टीपतोर सगळी पब्लिक तंबूच्या भाईर!

तंबूवाला कपाळाला हात लावून म्हनाला, "असं गिऱ्हाईक मी आजवर बघितलं न्हाय. पैसं देऊन आत येतंय, आन् भाईर बसून बघतंय!"

*

आत एकटा तुका पैलवान. मांडी घालून, मिशीला धरून. पडद्यावर मुडदा उटला. पैलवान हलला न्हाय. मुडद्यानं हात फुडं केला. पैलवान हलला न्हाय! माजं तोंड उतारलं. म्हटलं, आता लंगोट धुवा.

तेवढ्यात पैलवानाच्या मांडीवर मऊमऊ कायतरी चढलं आन् म्हनलं, "म्यांव!"

"मेलो गं आये!"

पैलवान उटला त्यो थेट मदल्या खांबाला मिठी! खांब आडवा, तंबू आडवा. कापडाखाली फकस्त पैलवान वळवळतोय, आन् एका भोकातनं खरंखुरं काळं मांजर भाईर आलं.

सगळी पब्लिक चार पावलं मागं!

*

सकाळी न्हाव्यानं मिशी उतरीवली. पैलवान मुकाट रडला.

पर आत मांजर सोडलं कुनी? सगळी माज्याकडंच बघाय लागली. वस्तादानं पाठीत दोन घातल्या. "खरा चोर घावंपतोर तालमीत पाय ठिवू नगंस!" आयुष्यात पयल्यांदा खोडी माजी न्हवती, आन् पयल्यांदाच मार बसला!

तालीम सुटली तर मी जगतोय कशाला? गेलो पैलवानाच्या घरी, पाय धरलं. "अण्णा, मांजराची शपथ, मी न्हाय!"

पैलवान वठावरनं रिकामा हात फिरवत म्हनाला, "मिशी परत वाडीवतो. तवर तुला माफी न्हाय."

आत पैलवानाची बायको, गंगूवैनी, भाकरी थापत हुती. थापायची थांबली. पदर तोंडाला लावून दारात आली.

"त्या पोराला सोडा. बायका भाईर सरल्या तवा मांजर म्या सारलं पडद्याखालनं."

पैलवान ताडकन उटला.

"आन् मिशी परत वाडीवनार असशीला," वैनी आत जाता जाता म्हनाली, "तर मांजर अजून घरातच हाय!"