सुनेच्या हातातली थापी

भिंत सरळ आहे का ते पाहायच्या दोरीवरून अख्खी वस्ती त्या म्हाताऱ्या गवंड्याला ‘ओळंबा’ म्हणायची. ताठ चालणं, त्याहून ताठ बोलणं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर परांचीवरून उतरला आणि गवंडीकाम शिकवणाऱ्या केंद्रात मास्तर झाला. तेवढ्यात बांधकामं ठप्प झाली. त्याचा फरशी बसवणारा मुलगा परगावी हमालीला गेला.

एके दिवशी सून म्हणाली, “बाबा, मलाही शिकवा.”

“घमेलं उचलायला शिकवावं लागत नाही.”

“घमेलं नाही. थापी. विटा रचायला.”

म्हातारा हसला, पण दुसऱ्या दिवशी तिला सोबत घेऊन गेला.

केंद्रात भिंत बांधायची ती चुना-वाळूत, म्हणजे संध्याकाळी पाडून विटा पुन्हा वापरता येतात. पहिल्या दिवशी स्वतःचीच भिंत पाडताना सुनेला भरून आलं. पण महिन्या-दोन महिन्यांत तिचा हात असा बसला की बाकीचे शिकाऊ तिने उचललेला भिंतीचा कोपरा बघायला गोळा होत. ओळंबा तोंडावर कधी बोलला नाही. घरी आल्यावर मात्र तिच्या चहात साखर स्वतः घालू लागला.

केंद्राला मदत देणाऱ्यांनी सांगून टाकलं, शिकलेल्यांना काम मिळत नसेल तर आम्ही हात आखडता घेणार. मग ओळंबा आपल्या जुन्या शिष्याकडे गेला. तो आता ठेकेदार होता. त्याने मास्तरांना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला.

“मास्तर, तुम्हाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण माझेच गवंडी घमेली वाहतायत. सूनबाईंना कुठे उभं करू?”

घरी येऊन ओळंबा म्हणाला, “पुढच्या महिन्यात बघतो म्हणाला.”

सून दुप्पट जोमाने शिकू लागली. पुढचा महिना आला, त्याच्या पुढचाही गेला. शेवटी ती एकटीच ठेकेदाराकडे जाऊन आली. त्या संध्याकाळी तिने ताट वाढलं, पाणी ठेवलं, समोर बसली.

“बाबा, खोटं का सांगितलंत?”

ओळंब्याने घास ताटात परत ठेवला. “तुझा हात थांबला असता, पोरी.”

“आता थांबेलच ना.”

थांबलाच. केंद्राला कुलूप लागलं. सून दवाखान्यात जिने पुसायला जाऊ लागली. फिनेलच्या पाण्याने तिच्या बोटांची सालपटं निघायची.

एका सुट्टीच्या दिवशी ओळंब्याने सहजच विचारावं तसं विचारलं, “कोपरा उचलताना पहिली वीट कशी ठेवशील गं?”

तिने भराभर सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या थराला अडखळली. “थांबा हं,” म्हणत हवेत हात फिरवला, पुन्हा फिरवला.

“अर्धी वीट कुठल्या बाजूला यायची, बाबा?”

उत्तराची वाट न बघता ती उठली आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली.