लांब निघालेल्या पट्ट्या

परवा शेजाऱ्यांनी पाइनचं खोकं फोडलं आणि त्या राळेच्या वासासरशी मी थेट नव्वदच्या दशकातल्या, सिल्वासाजवळच्या नरोलीत पोचले. तिथे यंत्रांसाठी लाकडी पेट्या बनवायचा कारखाना होता आणि पेटीची प्रत्येक पट्टी मी कॉम्प्युटरवर काढत असे. पट्टी तीच, लांबी मात्र प्रत्येकीची वेगळी. एकदा मी जेवायला गेले असताना आमच्या गुजराती शेठनी हौसेने एका पट्टीची लांबी वाढवली आणि कागद छापून खाली कापायला पाठवला. मी येऊन कॉम्प्युटरवर बघते तर एकीऐवजी सगळ्याच निवडल्या गेलेल्या, सगळ्या सारख्याच लांब! खाली करवत किंचाळत होती. परदेशी लाकूड, शिल्लक काही नाही आणि पेट्या संध्याकाळच्या ट्रकने जायच्या. मी अनवाणीच पळाले. "बंद करा, मापं चुकलीत!" खानदेशातल्या मिस्त्रींनी करवत थांबवली, ढीग पाहिला आणि म्हणाले, "ताई, लांबच कापल्यात ना? कापून मापात आणू. आखूड कापल्या असत्या तर रडायचं." मागून धापा टाकत आलेले शेठ "हाश, लाकडुं बची गयुं!" म्हणत भुशातच बसले, आणि मीही त्यांच्या शेजारी. आजही पडदे शिवायला टाकताना मी माप वीतभर जास्तच सांगते. शिंपी चिडतो. चिडू दे.