मारुतचे ऐब

देऊळघाटच्या उकंडरावांनी हवाई दलात मेकॅनिक म्हणून उमेदीची वर्षं मारुत नावाच्या लढाऊ विमानाखाली पाठीवर निजून काढली. एकाहत्तरच्या लढाईत हे देशी विमान वाळवंटावर लढलं होतं. पण गावात मारुत म्हटलं की लोक मायलेज विचारतात.

विमान पायलटच्या हाती देताना आधी त्याचे ऐब सांगायचे, ही तिकडची शिस्त उकंडरावांनी घरी आणली. म्हैस विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाला ती लाथ मारते हे आधी सांगितलं. म्हैस घरीच म्हातारी झाली. नात रुपाली हिला पाहायला आलेल्या दोन मंडळींनाही त्यांनी चहाच्या आधीच सांगून टाकलं, "पोरगी रागीट आहे बरं." ती मंडळी पोहे खाऊन गेली ती गेलीच.

आज चिखलीचा प्रज्वल येणार होता, आणि तो रुपालीला कॉलेजपासून आवडत होता. त्यामुळे शालूबाईंनी नवऱ्याला सकाळीच दम भरला, "आज पोरीबद्दल एक शब्द काढसान तं पाहा मंग!"

प्रज्वल आईवडिलांना घेऊन आला. मुलाचे वडील सांगू लागले, पोरगा निर्व्यसनी, सुपारीचं खांडही नाही. पाहायला येणारा प्रत्येक मुलगा असाच असतो. मग जिल्ह्यातले पानठेले चालतात कोणाच्या जिवावर, हा उकंडरावांचा जुना प्रश्न. पण आज तो त्यांनी पोह्यांबरोबर गिळला.

तेवढ्यात टीव्हीवर ठेवलेल्या लाकडी विमानाकडे बघून प्रज्वलनं विचारलं, "आबा, हे कोणतं इमान?"

शालूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मारुत. इंजिन कमजोर," आबा सुरू झाले. "सांगाडा आवाजाच्याही पुढं पळाले बनवला, पण त्याच्या जोगतं इंजिन काही आलंच नाही. चाचणीत चारही तोफा एकदम डागल्या तं इमानच गडबडे."

"मंग कामाचं काय होतं त्यात?" मुलाचे वडील म्हणाले.

"देखणं किती! जमिनीलगत असं सरळ जाये का थरथर नाही. एक इंजिन गेलं तं दुसऱ्यावर घरी ये."

"एवढे ऐब, तरी पायलट बसत कसे?" वडिलांनी पुन्हा विचारलं.

"आमी आधीच सांगून ठेवत होतो ना जी. वर गेल्यावर समजलं असतं तं शिव्या देल्ल्या असत्या."

प्रज्वलनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "मंग माह्यंही आधीच सांगतो. मी तंबाखू खातो. सोडून राह्यलो, पण सुटून नाही राह्यली."

वडिलांना ठसका लागला. पाणी घेऊन आलेली रुपाली दारातच थांबली. "मले राग येते," ती म्हणाली. "चारही तोफा एकदम."

"एक-एक डागजा," प्रज्वल म्हणाला.

वडिलांनी पाणी पिऊन पोराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि हात टेकले. "चला, साखरपुड्याचं बोला. याच्याहून खराब आता काही निघत नाही." मग शालूबाईंकडे वळून हसत म्हणाले, "अन् आबांचे ऐब?"

"ते सांगाले बसली," शालूबाई म्हणाल्या, "तं तुमाले मुक्काम करा लागन."