एकाच साजातल्या तीन बायका

त्या दिवशी ठाण्यात पाचजण हुतो. साहेब, पेठ वडगावचं एक म्हातारं, त्येंची सून, पीएचडी करणारी गारगोटीकडची पोरगी आन मी, महिला शिपाई. सातवी शिकलेली. मालक गेल्यावर त्यांच्या जागेवर लागले, पदरात दोन लेकरं घिऊन. आता पेन्शनीत हाय, पर ते प्रकरण अजून डोक्यातनं जात न्हाय.

पोरीनं जुन्या दागिन्यांवरच्या लेखात इंटरनेटवरचा एका बाईचा फोटो घातलता. सुनंनं त्यो मोबाईलवर बघितला, आन म्हातारं घरातली आईची तसबीर काखेत मारूनच आलं. दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. तीच खुर्ची, लुगड्याची तीच चुणी, गळ्यात त्योच कोल्हापुरी साज. तोंड तेवढं येगळं.

"हिनं माझ्या आईचं मुंडकं काढून दुसरीचं बसवलंय. गुन्हा नोंदवा," म्हातारं म्हणालं.

गुन्हा नोंदला असता तर पोरीची पीएचडी तिथंच थांबली असती.

"फोटो कुठनं घेतलास?" साहेबांनी इचारलं.

"इंटरनेटवरनं."

"त्ये कुठल्या गल्लीत येतंय?" म्हातारं मधीच.

पोरगी म्हणाली, "साहेब, फोटोवरनं फोटो हुडकता येतो." तिनं मोबाईलवर तसबीर टिपून शोधली, तर तिसरीच बाई निघाली. खुर्ची तीच, साज त्योच.

"आता ही कोण?" म्हणत साहेबांनी स्टेशन डायरी उघडली. काय लिवावं कळंना, परत मिटली.

माझ्या घरात मालकांचा कोटातला फोटो हाय. जन्मात कोट घातला न्हाय त्यांनी. म्हणून मी इचारलं, "बाबा, आई हयात असताना काढलासा काय फोटो?"

म्हातारं तसबिरीची काच धोतरानं पुसाय लागलं.

"सांगा की मामंजी," सून म्हणाली.

"गेल्यावर. एकटीचा एकबी फोटो न्हवता. लग्नाच्या घोळक्याच्या फोटोतलं तिचं तोंड शाहूपुरीत स्टुडिओवाल्याला दिलं. त्यानं असा करून दिला."

"साज हुता आईकडं?"

"काळी पोत हुती निस्ती."

तपास संपला. तवा लय घरांत असंच करायची. तोंड आपलं, धड स्टुडिओचं, आन एकच धड साऱ्यांस्नी.

तक्रार मागं घेतली. पर पोरगी रडाय लागली. गरिबाघरच्या बायकाबी साज घालायच्या, असं तिनं त्या फोटोवरनं लिवलतं. "आता काय लिवू?"

"लिव की," म्हातारं म्हणालं, "मेल्यावर लेकानं घातला."

नोकरीत खोटं बोलणारी लय बघितली. ह्यात खोटं कुणाचं, मला अजून उमगंना. पुरावा समोर आला की त्यो कसा झाला ते आधी इचारावं, एवढं शिकले.

वाचणाऱ्यास्नी सांगणं एवढंच. घरातल्या जुन्या फोटोच्या मागं नाव, गाव लिवून ठेवा. अंगावरचं जे त्या माणसाचं न्हवतं, त्येबी लिवा.