मृण्मयी नावाचं खातंच नव्हतं

"ती बाई स्वतःलाच पैसे पाठवतेय आणि सुनेचं नाव सांगतेय," सुब्रमण्यम सर फोनवर म्हणाले. "केस क्लिअर आहे. तुमचा व्हिजिट रिपोर्ट आला की अकाउंट ब्लॉक करून टाकू."

रिपोर्ट बघून ब्लॉक करायचं असतं, ब्लॉक ठरवून रिपोर्ट मागवायचा नसतो, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. साहेब बंगळुरूला बसतात आणि माझं अप्रेझल त्यांच्या हातात आहे. मी पेणच्या पंपावर स्कूटीत पेट्रोल भरून घेतलं आणि रोह्याच्या रस्त्याला लागले.

मी एका मोबाइल वॉलेट कंपनीत फील्ड व्हेरिफिकेशन ऑफिसर आहे. हुद्दा भारदस्त वाटतो, काम साधं आहे. पेणपासून रोह्यापर्यंत कुणाच्या खात्यावर कॉम्प्युटरला शंका आली की त्याचं दार वाजवायला मी जाते. माणूस खराच तिथे राहतो का, सांगतो ते खरं का, हे बघायचं आणि लिहून पाठवायचं. उन्हातान्हात फिरायचं, कुत्री मागे लागतात ते वेगळंच.

आता आमच्या अ‍ॅपमधून परदेशातही पैसे जातात. लोकांना वाटतं, बटण दाबलं की पैसा उडाला तो थेट तिकडे उतरला. तसं नाय. अ‍ॅप फक्त तुमचा निरोप घेतं. पैसा खरा पाठवते आमच्याशी जोडलेली बँक, आणि तो घेते तिकडची बँक. तिकडची बँक आधी बघते, की तुम्ही लिहिलेलं नाव आणि त्या खात्यावरचं नाव एकच आहे का. याला नेम मॅच म्हणतात. जुळलं नाही की पैसे होल्डवर, म्हणजे मधेच अडकून. पुढेही जात नाहीत, मागेही येत नाहीत.

इथे झालं होतं असं. पाठवणारी, वरशाची जयश्री वसंत म्हसकर, निवृत्त शिक्षिका. घेणारी, असं तिने लिहिलेलं, मृण्मयी शेखर म्हसकर, नातं सून, राहणार जर्मनी. आणि जर्मनीतली बँक म्हणत होती की या नंबरच्या खात्यावर मृण्मयी कुणी नाही. खातं आहे जयश्री म्हसकरचं. म्हणजे पाठवणारी जयश्री, घेणारीही जयश्री, आणि मधे एक बनावट सून. सरांना संशय आला यात त्यांची काही चूक नव्हती. मलाही आलाच होता.

वरसे रोह्याला चिकटूनच आहे. नव्या बिल्डिंगा भराभर उठतायत, पण म्हसकर बाईंचं घर बैठं, अंगणात अबोलीची रांग. बाईंनी ग्रिलच्या आतूनच विचारलं, "कोण पाहिजे?"

मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला, मग मला बघितलं.

"कार्ड काय, कोण पण छापतो. तुमच्याच अ‍ॅपचा मेसेज येतो ना, अनोळखी माणसाला माहिती देऊ नका म्हणून? मग मी नाय देणार."

"बाई, मला ओटीपी नको. तुमचे पैसे अडकलेत, त्याबद्दल विचारायचंय."

"सगळे लबाड असंच बोलतात. राहतेस कुठे?"

"पेणला."

"माहेर?"

"नागोठणं."

"कोणाची तू?"

वडिलांचं नाव सांगितलं. बाईंनी माझ्यासमोरच नागोठण्याला आपल्या जुन्या सहकारी बाईंना फोन लावला. "अर्चना म्हणून मुलगी हाय का गो त्यांची? पेणला दिलेली? कशी दिसते?" मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "व्हय, व्हय. दात थोडे पुढे हायत."

मग कुलूप उघडलं. पडताळणी करायला गेले होते मी, आणि माझीच झाली, तीही दातांसकट. आमच्या कंपनीचं केवायसी इतकं पक्कं असतं तर निम्मे भामटे दारातूनच परत गेले असते.

आत बसल्यावर बाईंनी पाणी दिलं आणि आधी आपलं दुखणं सांगितलं. सून नर्स आहे. जर्मनीला जाऊन दीड वर्ष झालं. तिथे हॉस्पिटलच्या हॉस्टेलात एका खोलीत राहते. नवरा शेखर धाटावच्या केमिकल कंपनीत, आणि मुलगी ओवी पहिलीत, दोघं इथे. त्यांना तिकडे बोलवायचं तर आधी पुरेसं मोठं घर दाखवावं लागतं, त्याशिवाय व्हिसाचं काम पुढे सरकत नाही. सुनेला मोठ्या मुश्किलीने एक घर मिळालं होतं. मालक शुक्रवारपर्यंत डिपॉझिटसाठी थांबणार होता. आज बुधवार.

"शेखर बोलला, मी पाठवतो. मी म्हटलं, माझ्या पेन्शनीतले हायत, मीच पाठवणार. हातात फोन दिलाय तो काय भजनं ऐकायला? आता शेखरला पण सांगता येत नाय. कंपनीत फोन गेटवरच काढून घेतात. पोर रोज विचारते, आईच्या घरी कधी जायचं. मी काय सांगू तिला, आजीने बटण चुकीचं दाबलं?"

डोळे भरले होते बाईंचे. पण मला विचारणं भाग होतं.

"बाई, मृण्मयी कोण?"

"सांगितलं ना, सून."

"आणि जर्मनीतल्या खात्यावर जयश्री म्हसकर आहे, ती कोण?"

"जयश्री मी."

"तुमचं जर्मनीत खातं आहे?"

"माझं? माझं अलिबागला पण खातं नाय!" बाई घाबरल्या. "माझ्या नावावर कोणी उघडलं की काय गो? पोलिसात जाऊ का?"

मी फोनवर तिकडून आलेला मेसेज पुन्हा वाचून दाखवला, या वेळी मधल्या नावासकट. जयश्री शेखर म्हसकर. शेखर हे नाव ऐकलं आणि बाईंनी कपाळावर हात मारला.

"अगो बाय माझे. ती पण जयश्रीच ना."

मग उलगडा झाला. सून माहेरची जयश्री, सासूही जयश्री. एका घरात एकाच नावाच्या सासू-सुना कशा चालतील? हाक एकीला मारली की दोघी ओ देणार. म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठीने त्यावर नवं नाव लिहिलं, मृण्मयी. नाव बाईंनीच निवडलेलं. घरात, आळीत, नात्यात ती तेव्हापासून मृण्मयी. पण नर्सिंगचं सर्टिफिकेट जयश्री नावाचं, म्हणून पासपोर्ट निघाला जयश्री शेखर म्हसकर. बाईंना ते नाव आठवायचं काही कारणच उरलं नव्हतं. स्वतः ठेवलेल्या नावाने त्यांनी हौसेने पैसे पाठवले आणि घात झाला.

मी सरांना फोन लावला. त्यांच्याशी आमचं हिंदी-इंग्रजीत चालतं, मी मराठीत सांगते.

"सर, सून खरी आहे. लग्नात नाव बदललं."

"आडनाव?"

"पहिलं नाव."

"पहिलं नाव कसं बदलेल? अ‍ॅफिडेव्हिट? गॅझेट?"

"तसं काही नाही सर. तांदळावर लिहितात."

बाई तोवर लग्नाचा अल्बम घेऊन आल्या होत्या. मी ताटाचा फोटो पाठवला.

"मॅडम," सर म्हणाले, "तांदूळ आपल्या डॉक्युमेंट लिस्टमध्ये नाहीत."

"मग पैसे रद्द करून नव्याने पाठवू द्या त्यांना."

"रिफंडला आठवडा जाईल. आणि संशय मिटेपर्यंत नवा ट्रान्सफर होणार नाही. मृण्मयी नावाचा एक तरी सरकारी कागद द्या."

बाईंनी कपाट उघडलं. लग्नाच्या दाखल्यावर जयश्रीच होती. पण ओवीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव होतं मृण्मयी शेखर म्हसकर. "मीच सांगितलं होतं दवाखान्यात," बाई अभिमानाने म्हणाल्या. मला हायसं वाटलं, आणि लगेच दुसरीच एक शंका आली. ती पुढे सांगते. आधी दोन्ही कागदांचे फोटो सरांना पाठवले आणि फोन स्पीकरवर टाकला.

"एका कागदावर शेखरची बायको जयश्री," सर म्हणाले, "दुसऱ्यावर मृण्मयी. त्याला दोन बायका नाहीत कशावरून?"

बाईंना तेवढं हिंदी कळत होतं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "ओ साहेब, मेरे शेखर को एक संभालता नहीं, वो भी जर्मनी गया. दुसरी कौन देगा उसको?"

सर हसल्याचं मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाले, सुनेला व्हिडिओ कॉलवर घ्या, मीही येतो. हे आमच्या नियमात बसतं. सून नाइट ड्यूटी करून नुकतीच झोपली होती, पण उठली बिचारी. पासपोर्ट चेहऱ्याशेजारी धरला. सरांनी विचारलं, तुझी सासू तुला काय म्हणते? "मृण्मयी," ती म्हणाली, आणि खणखणीत इंग्रजीत सगळी रीत समजावून सांगितली. मीही इतकी नीट सांगू शकले नसते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे लग्नानंतर बायकोचं इनिशिअल बदलतं, वडिलांच्या अक्षराजागी नवऱ्याचं येतं. एका अक्षरावरून माझ्या बायकोने पासपोर्ट ऑफिसचे उंबरे झिजवलेत. तुम्ही लोकांनी तर अख्खं नावच बदललंय. पाठवा रिपोर्ट."

मी बाईंच्या ओट्यावर बसूनच रिपोर्ट लिहिला. नाव दुरुस्त झालं आणि होल्ड निघाला. गुरुवारी संध्याकाळी पैसे जर्मनीत पोचल्याचा मेसेज आला.

माझं काम तिथे संपलं होतं. पण ती दुसरी शंका उरलीच होती. ओवीचा पासपोर्ट अजून काढायचा होता. जन्मदाखल्यावर आई मृण्मयी, आणि जिच्याकडे मुलगी जाणार ती आई जयश्री. आमच्या साहेबांना शंका आली ती व्हिसावाल्यांना येणार नाही? घर मिळालं असतं, तिकीट काढलं असतं, आणि पोर इथेच राहिली असती. म्हणून बुधवारीच, तो व्हिडिओ कॉल बंद करायच्या आधी, मी बाईंना आणि सुनेला हे सांगून टाकलं. नगरपरिषदेत जाऊन दाखल्यात आईचं नाव दुरुस्त करून घ्या, आत्ताच, घाई व्हायच्या आधी.

बाईंनी दाखला पुन्हा हातात घेतला. मग सुनेकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे मी ठेवलेलं नाव कुठेच नाय राहणार." त्यांना लागलं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मला वाटलं, नको तिथे तोंड घातलं मी.

सून म्हणाली, "आई, इथे वॉर्डात सारखं मला जयश्री, जयश्री म्हणून हाका मारतात. दर वेळी वाटतं, तुम्हालाच बोलावतायत. मी मागे वळून बघते. तुम्ही मृण्मयी म्हणायचं सोडलंत तर माझं नाव घेणारं कोण राहील?"

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "नगरपरिषद किती वाजता उघडते गो?"

दुरुस्तीला वेळ लागला. प्रतिज्ञापत्र, अर्ज, आणि साहेब जागेवर नाहीत, हे सगळं रीतसर झालं. पण पासपोर्टाच्या अर्जाआधी झालं. शेखर आणि ओवी गेले. बाई आता दर महिन्याला नातीला खाऊचे पैसे स्वतः पाठवतात, आणि पाठवायच्या आधी सुनेच्या पासपोर्टचा फोटो दोनदा बघतात. सुब्रमण्यम सरांनी महाराष्ट्राच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ घातली: लग्नात पहिलं नाव बदललं आहे का? आमच्या टीममध्ये तिला सगळे राइस क्वेश्चन म्हणतात. त्या एका प्रश्नाने नंतर कित्येक सुनांचे पैसे सुटले.

तर सांगायचं इतकंच. आपल्या लोकांना नावं ठेवायची हौस दांडगी, ती सुटायची नाही आणि सुटूही नये. फक्त पैसे पाठवताना सुनेला एकदा फोन करून विचारा, "बाय गो, तुझं खरं नाव काय?" ती हसेल, हसू दे.