उभ्या गाडीचा आवाज

पत्राचा शेवट आमच्याकडं ठरलेला असायचा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आता मला सांगा, बायको यातल्या कुठल्या रांगेत बसते? थोर मी नव्हते, आणि लहान म्हणावं तर लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यामुळं ह्यांच्या पत्रात माझ्या वाट्याला काहीच येत नसे. गंमत म्हणजे ती पत्रं वाचून दाखवायची मीच, कारण औंधाला राहून अकरावीपर्यंत शिकलेली घरात मी एकटी. पुढच्या सोप्यात मामंजी बसायचे, दाराआड आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खांबाला टेकून दीर. मी डोक्यावरचा पदर सावरून खणखणीत वाचायची. उसाला पाणी दिलं का, म्हैस व्याली का, थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. मग इनलँडची घडी घालून मामंजींच्या हातात द्यायची आणि चुलीपुढं जाऊन बसायची. चुलीचा धूर फार उपयोगी असतो, डोळ्यांना पाणी का आलं हे कुणी विचारत नाही.

हे मिलिटरीत होते, तिथल्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करायचे. दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती तेव्हा ह्यांनी आणि मामंजींनी मिळून मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली. आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या हद्दीवर. मळ्याची वाट काळ्या रानातून आणि मध्ये ओढा. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल की जीपचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकायचं आणि चाकं जागेवर फिरायची. ह्यांनी सुट्टीत आल्यावर काय केलं, तर चारी चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, एकेक जादा लोखंडी पाटा घातला आणि खाली ठोकळे देऊन जीप चांगली चार-पाच बोटं उचलली. सगळा गाव बघायला आला. जीप ओढ्यातून अशी निघाली की मामंजींनी नारळ फोडला. पाचव्या दिवशी ह्यांची सुट्टी संपली.

महिनाभरात जीप बोलायला लागली. चालवायचे दीर. गिअर टाकून निघालं की खालून टक्कन आवाज यायचा, आणि वेग धरला की सगळी गाडी थरथरायची. दिरांनी रेडिओ लावून त्यावर इलाज केला. मामंजी म्हणाले, "पत्रात लिव त्याला."

मी लिहिलं. उत्तर आलं, आणि पहिल्यांदाच पत्राचा निम्मा भाग जीपनं खाल्ला होता. आवाज निघताना येतो की थांबताना? वेगाबरोबर वाढतो का? उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडा. तरीही आवाज आला तर दोष इंजिनात नाही, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यात आहे. मी हे सोप्यात वाचलं. मामंजींना जांभई आली, आत्याबाई उठून गेल्या, दीर म्हणाले, "वैनी, लय लांबलंय की ह्ये. तुमालाच कळतंय तर तुमीच बघा."

मीच बघितलं. उतारावर दिरांच्या शेजारी बसून कान दिला, घरी येऊन लिहिलं. पुढच्या पत्रात आलं: गाडी न्यूट्रलला ठेवावी, चाकांना दगड लावावेत, खाली जाऊन दांडा हातानं फिरवून बघावा. दिरांनी तेव्हाच धुतलेली विजार घातली होती. मग मी कासोटा घट्ट केला आणि सरळ जीपखाली शिरले. "आगं, पोरी, कोन बघंल की!" असं आत्याबाई ओरडत होत्या आणि बघायला त्यांनीच शेजारणीला बोलावलं.

खाली मातीचा आणि जुन्या ग्रीसचा वास होता. दांडा दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला. जिथं तो पुढं जोडलेला होता तिथं टक्क झालं. आमचा टक्क, तोच. सांध्यातल्या लोखंडी क्रॉसभोवती तांबडी भुकटी साठली होती, हळदकुंकवातल्या कुंकवासारखी बोटाला लागली. मी ते सगळं लिहून कळवलं.

उत्तराची पहिली ओळ होती, 'शाब्बास. क्रॉसच गेला आहे.' मी सोप्यात वाचायला सुरुवात केली आणि शाब्बासपाशी अडखळले. मामंजींनी विचारलं, "काय गं, अक्षर लागंना व्हय?" मी म्हटलं, "व्हय मामंजी, पुसट झालंय." खाली ह्यांनी लिहिलं होतं की चूक त्यांचीच. गाडी उचलताना दांड्याचा विचार केला नाही. गाडी वर गेली, दांडा तिरका झाला, आणि सांध्याला वाकडं वळून फिरावं लागलं, म्हणून तो झिजला. नवा क्रॉस टाकावा आणि कमानींखाली पाचर मारून दांडा मागं जिथं जोडतो ते तोंड जरा वर कलवावं.

सांगलीत विश्रामबागेजवळ एक मिस्त्री होता. दिरांनी जीप तिकडं नेली, दोन दिवसांनी आणली. जीप दारात आली ती गाईसारखी मुकाट. दिरांनी मला उतारावर नेऊन दाखवलं. टक्क नाही, थरथर नाही. दीर खूश, मामंजी खूश. मी परत येऊन पिठाचा डबा उघडला आणि नुसती उभी राहिले.

कारण आता काय लिहायचं? जीप बरी आहे. संपलं. पुढच्या पत्रात पुन्हा ऊस, म्हैस, थोर आणि लहान. त्या तीन पत्रांत ह्यांनी मला जेवढं विचारलं होतं तेवढं चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तुला काय ऐकू आलं, तुझ्या हाताला काय लागलं, नीट आठवून लिही. मला ते तुटायला नको होतं. मी लिहिलं, 'आवाज पुष्कळ कमी आहे, पण उतारावर अजून येतो.'

खोटं एकदा लिहिलं की त्याला पोसावं लागतं. ह्यांची उत्तरं आणखी लांबली. आवाज रोज येतो का? सकाळी येतो की दुपारी? तू शेजारी बसली होतीस की मागं? आता हे सोप्यात कसं वाचणार? जीप तर दीर रोज पळवत होते. मग मी सरळ गाळायला लागले. ऊस वाचायचा, म्हैस वाचायची, मधला भाग डोळ्यांनी गिळायचा आणि एकदम नमस्कारावर यायचं. मामंजी विचारायचे, "जीपचं काय लिवलंय?" मी म्हणायची, "ग्रीस भरा म्हणत्यात." लग्नानंतर माझं एकटीचं असं पहिल्यांदाच काही झालं होतं.

पुढं पुढं मला आवाज सुचेनासे झाले. एका पत्रात मी ठोकून दिलं की सकाळी जीप दारात जागेवर उभी असते, नुसतं इंजिन चालू केलं की खालून टक-टक ऐकू येतं. ह्यांनी त्याचंही उत्तर पानभर दिलं.

मग हे सुट्टीवर आले. दारात ट्रंक ठेवली, पायावर पाणी घेतलं, मामंजींना नमस्कार केला आणि चहा न पिताच जीपखाली शिरले. माझं धाबं दणाणलं. नवा क्रॉस दिसणार, दांडा हलणार नाही, आणि सगळ्या घरासमोर मी खोटारडी ठरणार. तेही कशापायी, तर नवऱ्याची पत्रं जास्त यावीत म्हणून! हे कुणाला सांगता तरी आलं असतं का? जीपखालून नुसते त्यांचे पाय दिसत होते. बराच वेळ काही हललं नाही.

शेवटी बाहेर आले. चिंधीला हात पुसत मामंजींना म्हणाले, "आबा, आवाज हाय आजून. उद्या सांगलीला न्हेतो."

दीर उसळले, "आरं दादा, कुटला आवाज? मी रोज चालवतोय की!"

"तुला न्हाई यायचा ऐकू. तू रेडू लावतोस." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ज्यानं ऐकलाय त्याला संगं घ्यावं लागंल. मिस्त्रीला कुनी सांगायचं?"

मामंजी म्हणाले, "मग ने की तिला." दुसऱ्या दिवशी दशम्या आत्याबाईंनी स्वतः बांधून दिल्या, आणि त्या दोघांना पुरून उरतील इतक्या होत्या. त्यांना किती कळलं होतं ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

लग्नानंतर आम्ही दोघंच असे पहिल्यांदा कुठं निघालो होतो. माधवनगरच्या अलीकडं ह्यांनी जीप बाभळीखाली लावली आणि इंजिन बंद केलं. तिथल्या मिलचा भोंगा झाला, कामगारांच्या सायकली निघून गेल्या. मग म्हणाले, "कवा थांबला आवाज?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हटलं, "मिस्त्रीकडनं आली तवाच."

"मला म्हाईत हाय."

"कुनी सांगितलं?"

"तूच. उभ्या गाडीचा दांडा फिरत न्हाई. मग क्रॉस कुटनं वाजंल?" आणि ते हसायला लागले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना घरात कधी पाहिलं नव्हतं.

मला राग आला, खरंच आला. मी म्हटलं, "समजलं हुतं तर मग पानभर उत्तर कशाला लिवलं?"

ते हसायचे थांबले. स्टिअरिंगवरचा ग्रीसचा डाग अंगठ्यानं पुसत राहिले. "तू लिवायची थांबली असतीस," म्हणाले.

मिस्त्रीकडं आम्ही गेलोच नाही. सांगलीत भडंग घेतलं आणि घरी दाखवायला ग्रीसचा एक डबा.

त्यानंतर ते मिलिटरीत होते तोवर आमच्या जीपचा आवाज काही गेला नाही. दोघांनाही ठाऊक होतं की तो नाही, आणि दोघंही मनापासून त्याचा शोध घेत होतो. ऐंशी साल उजाडायच्या आत ते कायमचे घरी आले आणि पत्रं बंद झाली. माणूस आला याचा आनंद होताच, नाही कसं म्हणू? पण समोरासमोर ते मुलखाचे अबोल. मला कधी कधी वाटायचं, परत कुठंतरी लांब जावं ह्यांनी, आणि विचारावं मला काहीतरी.

आता ते लांबच गेलेत. बारा वर्षं झाली. जीप त्याच्या आधीच भंगारात गेली. इनलँडं मात्र माझ्या ट्रंकेत आहेत. त्यातल्या शेवटच्याला मी उत्तर दिलेलं नाही, कारण ते हाती पडलं आणि आठच दिवसांत हे स्वतः दारात आले. दुपारी घरात कुणी नसलं की मी ते काढते आणि सोप्यात बसून मोठ्यानं वाचते, एकही ओळ न गाळता. ऊस, म्हैस, आणि मग मधला भाग: 'आवाज अजून येतो का? सविस्तर लिहिणे.'

अहो, येतो. उभ्या गाडीतच येतो.