शॉकअपचा परकर

उसाचा हंगाम सुरू झाला की अंथुर्णे ते भवानीनगर रस्त्याचं रूप पालटतं. ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर निम्मं रान डांबरावर आणून टाकतात, वर पाटाचं पाणी येतं, आणि जो चिकट काळा राडा होतो तो उडून गाडीचे धक्के झेलणाऱ्या मागच्या शॉकअपमध्ये जाऊन बसतो. मी रोज याच रस्त्यानं नोकरीला जाते, मोटरसायकलवर. बाईमाणसानं मोटरसायकल चालवावी का, यावर गावानं बरंच तोंडसुख घेतलं. घेऊ दे.

मागच्या सीटवर बसणारं माणूस एकच, माझी आई. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, निमगाव केतकीजवळच्या वस्तीवर अंथरुणाला खिळलेली आहे. दर बाजारच्या दिवशी मी आईला तिच्याकडे न्यायची. एसटी फाट्यावर सोडते आणि पुढचा कच्चा रस्ता आईला चालवत नाही, कारण तिच्या मणक्यातली गादी सरकलेली. गेल्या हंगामात शॉकअप गळायला लागले आणि प्रत्येक खड्डा थेट तिच्या कमरेत जाऊ लागला. एकदा परतल्यावर ती भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आता मला न्हाय जमायचं. तिला फोनवर सांग." दोघी म्हाताऱ्या बहिणींनी इतक्या जवळ राहून फोनवर एकमेकींची ख्यालीखुशाली विचारायची, या विचारानं माझं डोकंच फिरलं.

बारामतीला जाऊन नवे शॉकअप बसवले. पण राडा तोच, रस्ता तोच. स्प्रिंगच्या आत एक चकचकीत दांडा वर-खाली होतो, त्याला घाण लागली की आतलं सील कापलं जातं आणि तेल गळतं, एवढं मला आता कळलं होतं. म्हणून मी जुनी ट्यूब कापून दोन्ही शॉकअप वरपासून खालपर्यंत करकचून गुंडाळले. फार हुशारी केली असं वाटलं. थोड्याच दिवसांत ते पुन्हा गळू लागले.

बारामतीच्या गॅरेजात मेस्त्रीनं ट्यूब सोडली तर आतून चिखलाचं पिठलंच बाहेर आलं.

"ताई, तुमी घाण बाहेर ठेवली न्हाय, आत कोंडून ठेवली," तो म्हणाला. "एवढी काळजी हाय तर परकर नेसवा की गाडीला!"

सगळं गॅरेज खिदळलं. पुन्हा नवे शॉकअप बसवून मी निघाले आणि भवानीनगर येईपर्यंत मनातल्या मनात त्या मेस्त्रीचा उद्धार करत होते. मग एकदम गाडी बाजूला घेतली. परकरच की! वर नेफा, नाडी आवळलेली, म्हणजे वरून काही शिरणार नाही. खाली घेर मोकळा, म्हणजे पाणी थांबणार नाही, वारा लागेल, सगळं वाळेल. तो चेष्टेत बोलला होता, पण बोलला लाखमोलाचं.

कापडाचा केला तो भिजून जड झाला. ट्रॅक्टरच्या ट्यूबचा केला तर नेफ्याला चुणीच पडेना. शेवटी शेजाऱ्याच्या शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाचा उरलेला तुकडा मागून आणला. तो फाटत नाही आणि दुमडतोही छान. आई खाटेवर पडून सूचना देत होती, मी मशीनवर सुया मोडत होते. पहिला घेर चेनमध्ये अडकून टरकला.

"उंची कमी कर गं, पायात येतोय तिच्या," आई म्हणाली. गाडी तिच्या लेखी आता वयात आलेली पोरगी होती.

"आता बसशील का मागं?" मी विचारलं.

"तुझं नवं चार दिवस टिकतं. हंगाम निघू दे, मग बघू."

हंगाम निघाला. रस्त्यात लोक हसले, कुणी 'परकरवाली' म्हणून हाक मारली, मी हॉर्न वाजवून पुढं गेले. कारखान्याचं धुराडं थंडावल्यावर गाडी सरळ बारामतीला त्याच गॅरेजसमोर उभी केली आणि मेस्त्रीला म्हटलं, "उचला परकर." तो असा काही लाजला की शेवटी मीच उचलला. त्यानं दांड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं, दुसऱ्या बाजूलाही फिरवलं. कोरडं. गॅरेजमध्ये कुणी हसलं नाही.

"ताई, ह्याचं माप देता का?" त्यानं विचारलं. मी दिलं, पण आधी त्याच्याकडून चहा वसूल केला. आता आमच्या भागात दुधाच्या किटल्या लावलेल्या कितीतरी गाड्या परकर नेसून पळतात. पण माप दिलं त्या दिवशी जगात माझ्याइतकी खूश बाई नसेल.

पुढच्या बाजारच्या दिवशी आई मागं बसली. वस्तीच्या कच्च्या रस्त्यावर मी श्वास रोखून गाडी चालवत होते, आणि ती मात्र कुणाच्या रानात काय लावलंय ते मोठ्यानं सांगत होती. मावशीच्या दारात ती माझा हात न धरता उतरली. दोघी तासभर नुसत्या भांडल्या, तू का आली नाहीस आणि तू का फोन केला नाहीस. निघताना मावशीनं तिचा पदर धरला.

"आता परत कधी गं?"

आई गाडीवर चढून बसली, पदर सोडवून घेतला.

"पुढच्या बाजारला. आन त्याच्या पुढच्याला बी."